हरिकेनचं शेपूट कापडाचं असतं
छंदाचं पान : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात युद्धकाळातल्या विमानांच्या छोट्या प्रतिकृतींवर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये रंगाचे प्रश्न जास्त आहेत, जोडणीचे कमी. मला याचा आनंद आहे, कारण माझी सगळी नोकरी ओझरच्या विमान कारखान्यात रंगकामाच्या खात्यात झाली. निवृत्तीनंतर गंगापूर रोडच्या घरी मागच्या खोलीत टेबल टाकलं, तिथेही रंगच सुरू आहे. या वेळी थोडीच पत्रं घेतली आहेत, पण उत्तरं सविस्तर दिली आहेत.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हरिकेन या ब्रिटिश लढाऊ विमानाच्या मार्क २ प्रकाराचं १/७२ स्केलचं (खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं) किट घेतलं. डब्यातल्या डिकल (मॉडेलवर चिकटवायची चिन्हं) युरोपातल्या ब्रिटिश विमानाच्या आहेत, मला मात्र ब्रह्मदेशच्या आघाडीवरचं भारतीय विमान करायचंय. एअरब्रश (हवेने रंग फवारणारं साधन) नाही, बजेटही बेताचं आहे. एका जुन्या मॉडेलवर व्हिडिओ बघून पंखांवर आणि शेपटीकडे चंदेरी टवके काढले होते. मित्रांना आवडले, पण मला ते खटकतात. नव्या मॉडेलवर काय करू? (पंचवटी, नाशिक)

उत्तर : तुला जे खटकतंय ते खटकायलाच हवं. शेपटीपासूनच सुरू करू.

हरिकेन पहिल्यांदा उडालं ते नोव्हेंबर १९३५ मध्ये. विमानबांधणी तेव्हा कापड-लाकडाकडून धातूकडे निघाली होती आणि हरिकेन नेमकं त्या दोन्हींच्या मधे उभं आहे. पुढे इंजिनाभोवती धातूचे पत्रे आहेत. मार्क २ पर्यंत पंखही धातूच्या पत्र्याने मढवलेले होते. पण कॉकपिटच्या मागचं धड बघ. आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी चौकटी आणि लांब पट्ट्या, आणि त्यावर ताणलेलं लिननचं कापड. किटमधल्या धडाच्या अर्ध्या भागावर कॉकपिटच्या मागून शेपटीकडे बोट फिरवलंस तर बारीक लांब उंचवटे लागतील. त्याच त्या लाकडी पट्ट्या. कापडावर डोप नावाचं द्रावण चढवायचे. डोप वाळताना कापड आकसतं आणि ढोलकीच्या पुडीसारखं ताठ होतं. दोन पट्ट्यांच्या मधे ते किंचित आत बसतं, म्हणून उंचवटे दिसतात. सुकाणू, एलिव्हेटर आणि एलेरॉन या हलणाऱ्या झडपांवरही कापडच.

आता सांग, तिथे खरवडलं तर चंदेरी कुठून निघणार? खाली ॲल्युमिनियम नाहीच. कापडाचा टवका उडत नाही, कापड फाटतं, आणि फाटलं की मैदानावरचे कारागीर त्यावर ठिगळ चिकटवून पुन्हा डोप आणि रंग मारतात. म्हणून मागच्या धडावर चांदी अजिबात नको. त्याऐवजी एक-दोन चौकोनी ठिगळं काढ, आजूबाजूच्या रंगापेक्षा जराशा ताज्या, गडद छटेची. १/७२ मध्ये दोन-तीन मिलिमीटरचं ठिगळ पुरे. पॅनेलच्या रेघांमध्ये काळपट वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडतात, तोही या भागात नको, कारण तिथे पत्र्यांचे सांधेच नाहीत. उंचवट्यांच्या बाजूने अगदी फिकी सावली दिलीस तर पुरे.

चांदी शोभते ती पंखांवर आणि इंजिनाच्या झाकणांवर, पण तिथेही कारण असेल तरच. मी आयुष्यभर खऱ्या विमानांवर रंग चढवला आणि उतरवला. रंग कुठेही मनाला येईल तसा उडत नाही. जिथे पाय पडतो, जिथे पाना किंवा स्क्रूड्रायव्हर रोज लागतो, जिथे वारा खडे-माती आणून आपटतो, तिथे उडतो. हरिकेनचा वैमानिक डाव्या बाजूने चढतो, तेव्हा डाव्या पंखाचं मूळ झिजलेलं दाखव. बंदुकांच्या झाकणांच्या कडा आणि इंजिनाच्या झाकणांचे फास्टनर रोज उघडबंद होतात, तिथे बारीक ठिपके दे. पंखाची पुढची धार धुळीने घासलेली असते. बाकी पंख शांत राहू दे. चंदेरी पेन्सिल टोकदार करून हलकेच टेकवलीस तर ब्रशपेक्षा बरं जमतं.

बंदुकांच्या काजळीचंही असंच आहे. तुझं किट मार्क २-बी चं असेल तर पंखात बारा मशीनगन आहेत. त्यांच्या भोकांवर कापडाच्या पट्ट्या चिकटवून डोप मारत, म्हणजे धूळ आणि ओल आत जात नसे. पहिली फैर झाडली की पट्टी फाटायची. म्हणून पट्ट्या शाबूत दाखवल्यास तर काजळी नको, आणि काजळी दाखवायची असेल तर पट्ट्या फाटलेल्या हव्यात. दोन्ही एकत्र दिसलं की विमान खोटं बोलतं. २-सी असेल तर प्रश्नच नाही, त्याला २० मिलिमीटरच्या चार तोफा असतात आणि त्यांच्या नळ्या पंखाबाहेर आलेल्या दिसतात.

आता ब्रह्मदेश. १९४४ मध्ये इम्फाळला वेढा पडला तेव्हा हवाई दलाची नंबर १ स्क्वाड्रन हरिकेन घेऊन तिथे होती. अर्जन सिंग तिचे प्रमुख होते आणि त्याच वर्षी त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. पुढे १९६५ च्या युद्धात हवाई दलाची सूत्रं त्यांच्याकडे होती. तुझ्यासाठी महत्त्वाची गोष्ट चिन्हांची. जपानी विमानांवर लाल सूर्य असायचा. धावपळीत लाल ठिपका दिसला की आपलेच लोक गोळी झाडतील, म्हणून या आघाडीवर आपल्या बाजूच्या विमानांवरचा लाल भाग काढून टाकला गेला. पुढे गडद निळ्या वर्तुळात फिकट निळा मध्य अशी खूण रूढ झाली, कित्येक विमानांवर आकारानेही लहान. तेव्हा डब्यातल्या लाल ठिपक्याच्या डिकल जशाच्या तशा लावू नकोस. पंखावरची फक्त लाल-निळी वर्तुळं असतील तर ती लाव आणि वाळल्यावर लाल भागावर बारीक ब्रशने फिकट निळा भर. मैदानावरही कित्येक विमानांवर असाच रंग फासला गेला होता, त्यामुळे हात किंचित हलला तरी चालेल. धडाच्या खुणेला पिवळी कड आणि पांढरं वलय असेल, तेही झाकायचं. पंखांवर आणि शेपटीवर ठळक पांढरे पट्टे असलेले फोटो तुला सापडतील. ते पट्टे साधारण १९४५ च्या सुरुवातीपासूनचे. १९४४ चं इम्फाळ करायचं तर ते सोड. नाकाखाली धूळ अडवणाऱ्या फुगीर व्होक्स फिल्टरचा भाग किटमध्ये असेल तर तो लाव. धुळीच्या धावपट्ट्यांवरून उडणाऱ्या पूर्वेकडच्या बऱ्याच हरिकेनना तो असे.

रंग तीनच. वरून डार्क अर्थ आणि डार्क ग्रीन, खालून मीडियम सी ग्रे. हंब्रॉल कंपनीच्या रंगांमध्ये २९, ३० आणि १६५. तामिया घेतलेस तर एक्सएफ-५२, एक्सएफ-८१ आणि एक्सएफ-८३. पण तू ब्रशने रंगवणार आहेस, म्हणून मी इनॅमल घ्यायला सांगेन. तामियाचा ॲक्रिलिक ब्रशने लावला तर दुसरा हात मारताना पहिला उचलला जातो. इनॅमल सावकाश वाळतं, त्यामुळे ब्रशच्या रेषा आपोआप बसतात. अस्तराचा एक हात, मग रंगाचे दोन पातळ हात, पहिला आडवा तर दुसरा उभा, आणि मधे पूर्ण एक दिवस. पोस्टर कलर आणू नकोस, तो प्लास्टिकला धरत नाही.

एअरब्रश नसल्याची खंत करू नकोस. खऱ्या विमानावर दोन रंगांच्या मधली स्प्रेची धूसर कड इंचभर धर. तिला ७२ ने भागलं तर मिलिमीटरचा जेमतेम एक तृतीयांश उरतो. म्हणजे तुझ्या मॉडेलवर ब्रशने काढलेली स्वच्छ कडच खरी दिसेल. एअरब्रशने केलेली चार मिलिमीटरची धुरकट कड उलट विमानाला खेळणं करून टाकते. हिरव्याची हद्द आधी पेन्सिलीने आख आणि कडेने आधी रंगवून मग मधला भाग भर.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेव. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘थिनर’ मागितलंस की एनसी थिनर हातात पडतं. त्याने किटचं प्लास्टिक विरघळतं. इनॅमल पातळ करायला आणि ब्रश धुवायला टर्पेंटाइन माग. कुठलाही नवा प्रायमर किंवा स्प्रेचा डबा आणलास तर आधी स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग ज्या सांगाड्याला लागून येतात त्याच्यावर, मारून बघ.

धुराड्यांचा धूर शेवटी. हरिकेनच्या मर्लिन इंजिनाची धुराडी दोन्ही बाजूंना असतात आणि धूर पंखाच्या मुळावरून मागे ओढला जातो. काळा आणि तपकिरी खडू पॉलिश पेपरवर घासून भुकटी कर आणि कोरड्या मऊ ब्रशने पुढून मागे एकाच दिशेने ओढ. शक्य झालं तर दिल्लीला पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात जाऊन ये, तिथे हरिकेन आहे. मागचं धड जवळून बघितलंस की माझं हे सगळं बोलणं अनावश्यक वाटेल.

प्रश्न : माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे. वाढदिवसाला त्याला मामाने स्पिटफायरचं किट दिलं. त्याच्या गोंदाच्या वासाने माझं डोकं दुखलं. हा गोंद मुलांच्या हातात देणं योग्य आहे का? कटरचीही भीती वाटते. शिवाय सगळं आयतं जोडायचं असतं, तर यात मुलगा शिकतो काय? (सिन्नर)

उत्तर : ताई, गोंदाची काळजी रास्त आहे. मॉडेलचा सिमेंट हा फेव्हिकॉलसारखा चिकटवणारा गोंद नाही. तो प्लास्टिकची कड विरघळवतो आणि दोन कडा एकमेकींत मिसळून एक होतात. विरघळवायचं म्हणजे त्यात सॉल्व्हंट आलंच, आणि सॉल्व्हंटची वाफ बंद खोलीत लहान मुलाने घेऊ नये. त्याला गॅलरीत किंवा उघड्या खिडकीशी बसवा, बाटलीचं झाकण प्रत्येक वेळी लावायची सवय लावा, आणि सिमेंट तुमच्या ताब्यात ठेवा. तामियाचा लिमोनिन सिमेंट मिळाला तर तो घ्या. त्याला संत्र्याच्या सालीचा वास येतो आणि नेहमीच्या सिमेंटइतका उग्र नसतो. तरी खिडकी उघडीच.

कटर त्याला आत्ता देऊ नका. भाग स्प्रूपासून तोडायला चपट्या तोंडाची छोटी कटिंग प्लायर पुरते. तोडताना भागाला अगदी लगटून तोडू द्यायचं नाही, जरा लांबून तोडायचं आणि उरलेला खुंट नेलफाइलने घासायचा. लगटून तोडलं की प्लास्टिक पांढरं पडतं किंवा खड्डा पडतो.

आणि शिकतो काय, हे मी मनापासून सांगतो. त्याला आधी सगळं न चिकटवता जोडून बघायला सांगा. धडाचे दोन भाग मिटायच्या आधी कॉकपिट आत बसवून रंगवायला लागतं, नाहीतर नंतर हात जात नाही. हा क्रम त्याच्या लक्षात आला की गणिताच्या पायऱ्या तो वेगळ्या नजरेने बघेल. १/७२ हे माप मुळात एका इंचाला सहा फूट असं आहे. त्याला विचारा, सहा फुटी माणूस या विमानाशेजारी केवढा उभा राहील? मग स्पिटफायरच्या पंखांची लांबी शोधून त्याच्याकडून भागाकार करून घ्या. दुसऱ्या महायुद्धात याच मापाच्या प्रतिकृती वापरून जमिनीवरच्या लोकांना शत्रूची विमानं ओळखायला शिकवत. म्हणजे त्याच्या टेबलावरचं माप तेव्हा खऱ्या कामाचं होतं.

पहिलं मॉडेल वाकडंतिकडं झालं तरी पुसू नका आणि दुरुस्त करून देऊ नका. तसंच शोकेसमध्ये ठेवा.

प्रश्न : कॅनोपी (कॉकपिटवरची काच) फेव्हिक्विकने लावली, सकाळी आतून पांढरी धुरकट झाली. आता? (जेल रोड, नाशिक रोड)

उत्तर : फेव्हिक्विक वाळताना त्याची वाफ जवळच्या काचेवर बसते, हे तेच आहे. कॅनोपी अलगद निघाली तर आतून बारीक पॉलिशिंग कंपाउंडने घासा, बरीचशी साफ होते. पुढच्या वेळी कॅनोपीला साधा पांढरा फेव्हिकॉल वापरा. वाळल्यावर तो पारदर्शक होतो आणि बाहेर आलेला ओल्या कापसाने पुसता येतो.

प्रश्न : मी सातपूरला कंपनीत आहे, सुट्टीच्या दिवशीच मॉडेल करतो. एअरब्रश आणि छोटा कॉम्प्रेसर घेतला. मे महिन्यात ॲक्रिलिक मारला तर पृष्ठभाग खरखरीत झाला, हाताला वाळूसारखा लागतो. जुलैमध्ये लॅकर क्लिअर (पारदर्शक थर) मारला तर जर्मन मेसरश्मिटच्या गडद रंगावर पांढरट तवंग आला. रंग खराब आहेत का?

उत्तर : रंग चांगले आहेत. नाशिकची हवा दोन्ही वेळा आडवी आली.

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवा इतकी कोरडी असते की रंगाचा थेंब नोझलमधून निघून मॉडेलपर्यंत पोचायच्या आतच अर्धा वाळतो. ओला थेंब पसरून सपाट बसतो, वाळलेला कण तसाच चिकटून राहतो. तीच तुमची वाळू. सकाळी लवकर बसा. रंग थोडा जास्त पातळ करा आणि त्यात रिटार्डरचे, म्हणजे रंग सावकाश वाळवणाऱ्या द्रवाचे, एक-दोन थेंब टाका. हवेचा दाब १५ पीएसआयच्या आसपास आणा आणि एअरब्रश जवळ घ्या. नोझलच्या टोकावर वाळलेला रंग थिनरमध्ये बुडवलेल्या ब्रशने अधूनमधून पुसत राहा. आत्ता खरखरीत झालेला भाग १५०० नंबरच्या ओल्या पॉलिश पेपरने हलका घासला की सपाट होईल. मग एक पातळ हात.

पावसाळ्यातला तवंग वेगळा. लॅकरमधलं सॉल्व्हंट झपाट्याने उडतं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं. हवा दमट असेल तर त्या गार पृष्ठभागावर बाष्प जमतं आणि वाळणाऱ्या थरात अडकतं. खऱ्या विमानावरही हे होतं. म्हणूनच रंगाच्या हँगरमध्ये आर्द्रता मोजल्याशिवाय काम सुरू होत नाही. तुम्हीही शंभर-दोनशे रुपयांचा आर्द्रतामापक टेबलावर ठेवा. पाऊस नुकता थांबलाय आणि भिंती ओल्या आहेत, अशा दिवशी स्प्रे नको. त्या दिवशी जोडा, लांबी (पुट्टी) भरा, घासा. आलेला तवंग बहुतेक वेळा जातो. कोरड्या दिवशी त्यावर रिटार्डर घातलेल्या त्याच क्लिअरचा पातळ, ओलसर हात द्या. खालचा थर थोडा सैल होतो आणि अडकलेलं बाष्प निघून जातं. मॅट वार्निश पांढरं पडलं असेल तर बाटली नीट न हलवल्याचीही शक्यता आहे. मॅट करणारी पावडर तळाशी बसलेली असते.

थंडीबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण निफाडकडून येणारा गारठा डिसेंबरात घरात शिरतो तेव्हा इनॅमल दोन दिवसांतही वाळत नाही. टेबल लँपचा पिवळा बल्ब हातभर अंतरावर ठेवा आणि मॉडेलवर खोकं उपडं घाला. धूळही बसणार नाही.

प्रश्न : माझे वडील ओझरच्या कारखान्यात फिटर होते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मिग-२१ निवृत्त झालं तो कार्यक्रम त्यांनी टीव्हीवर पाहिला आणि दिवसभर गप्प होते. त्यांच्यासाठी मला १९७१ च्या युद्धातलं मिग-२१ एफएल करायचंय. एअरब्रश आहे. फोटोंमध्ये काही विमानं चकचकीत दिसतात, काही हिरवी-तपकिरी आणि तीही ओबडधोबड रंगवलेली. खरं कुठलं? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर : दोन्ही खरी. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. आम्ही एकमेकांना ओळखत असू किंवा नसू, सकाळी बसने येऊन गेटवर उतरणाऱ्या माणसांना या विमानाबद्दल काय वाटतं ते मला सांगावं लागत नाही.

ओझरचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठीच उभा राहिला. आधी त्याचा एफएल प्रकार, मग एम, मग बिस. एफएल आले ते धातूच्या चकचकीत अंगाचे. उंचावर वेगाने शत्रूचं विमान गाठायचं हे त्यांचं काम, तिथे छद्मरंगाची गरज नव्हती. १९७१ मध्ये त्यांना खाली येऊन हल्ले करावे लागले आणि तळावर उभं असताना वरून दिसू नये हीही निकड आली. म्हणून कित्येक विमानं तळावरच घाईने रंगवली गेली, कुठे ब्रशने, जो रंग हाताशी असेल त्याने. १४ डिसेंबरला ढाक्यात गव्हर्नर हाऊसवर रॉकेट सोडणारी विमानं मिग-२१ होती. प्रत्येक तळाची छटा आणि नक्षी वेगळी, त्यामुळे अमुकच नंबरचा हिरवा असा नियम शोधू नका. एका विमानाचा एक चांगला फोटो निवडा आणि तेच विमान करा.

किट घेताना डब्यावर एमएफ किंवा बिस असेल तर सोडा. त्यांच्या पाठीचा कणा जाड असतो, एफएलचा सडसडीत. १/४८ घ्या असं मी म्हणेन. मिगचे पंख जेमतेम ७.१५ मीटरचे, १/७२ मध्ये ते दहा सेंटिमीटरही भरत नाहीत, आणि वडिलांना चष्म्यातून पॅनेल दिसायला हवेत.

तुम्हाला करायचाय तो रंग दोन थरांचा आहे, आणि खरं विमान ज्या क्रमाने रंगलं त्याच क्रमाने मॉडेल रंगवायचं. आधी संपूर्ण विमान धातूचं करा. धातूचा रंग पृष्ठभागाचा प्रत्येक ओरखडा दाखवतो, म्हणून २००० नंबरपर्यंत ओलं घासा, मग चकचकीत काळा, तो पक्का वाळला की त्यावर ॲल्युमिनियमचे धुक्यासारखे पातळ हात. सगळे पत्रे एका छटेचे ठेवू नका. मागे जळत्या इंजिनाजवळचा भाग उष्णतेने तपकिरी-निळसर काळवंडतो. कुठला पत्रा किती काळवंडायचा हे वडिलांना विचारा. हाताखालून गेलेलं विमान माणूस विसरत नाही.

त्यावर लॅकर क्लिअर, आणि एक दिवस थांबा. मग केसांना मारायचा साधा हेअरस्प्रे, दोन हलके हात. तो वाळला की ॲक्रिलिकने हिरवा आणि तपकिरी. तासाभरात कोमट पाण्याने भाग ओला करा आणि कडक, आखूड केसांच्या ब्रशने हलकं घासा. खालचा हेअरस्प्रे पाण्यात सुटतो आणि वरचा रंग पोपड्यांसारखा निघून धातू उघडा पडतो. खऱ्या विमानावरही असंच व्हायचं. ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ थर असतो. पत्रा नीट साफ करून धातूला धरणारा प्रायमर मारला नाही तर रंग त्या थरावर नुसता बसून राहतो, आणि ध्वनीच्या वेगाशी खेळणाऱ्या विमानावर वारा त्याला उपटून काढतो. पंखांची पुढची धार, हवा आत घेणाऱ्या तोंडाची कड, पायऱ्या लावायची जागा आणि उघडबंद होणारी झाकणं, इथे घासा. पंखाच्या मधोमध जवळजवळ काही नको.

नाकाच्या शंकूवर मात्र एकही चंदेरी टवका काढू नका. आत रडार असतं, त्याच्या लहरी आरपार जायला हव्यात, म्हणून तो शंकू धातूचा नसतोच. वर हरिकेनच्या शेपटीबद्दल त्या मुलाला जे लिहिलं तेच इथे लागू.

झिजवणं झालं की पुन्हा क्लिअर, आणि मगच डिकल, नाहीतर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. आपल्या वर्तुळातला केशरी गडद हिरव्यावर मळकट दिसतो. किटच्या डिकल पातळ असतील तर खाली त्याच मापाचं पांढरं वर्तुळ रंगवून घ्या. शेपटीवरच्या तिरंग्यात केशरी पुढच्या बाजूला येतो, दोन्ही बाजूंनी. डावी-उजवी पट्टी कापण्याआधी कागदावर ठेवून बघा.

पोटाखाली जीएसएच-२३ तोफेचा पॉड (बाहेरून लावायचा डबा) लावायचा असेल, आणि लावाच, कारण एफएलला आत बसवलेली तोफ नव्हती, तर तो वेगळा रंगवून सगळ्यात शेवटी चिकटवा. आधी लावला तर त्याच्या मागचा पोटाचा भाग घासायला ब्रश पोचत नाही.